बाबांची सहा बटणं

सकाळी सहाला सासऱ्यांच्या खोलीतून ‘टक्’ असा आवाज आला की आमच्या घरात दिवस उजाडतो. हा रेडिओच्या पहिल्या बटणाचा आवाज. त्यामागून विविध भारती, मग बेसिनचा नळ, मग ‘चहा झाला का गं?’ ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी, भिंती जाड, तरी तो टक् स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. २०२४ च्या सुरुवातीला एका सकाळी टक् आला, पुन्हा आला, तिसऱ्यांदा जरा जोरात आला, आणि पाठोपाठ बाबाच दारात उभे.

‘अगं, हे बघ जरा. दाबतोय, दाबतोय, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ.’

हा रेडिओ म्हणजे लॉजिटेकचा स्क्वीझबॉक्स रेडिओ. २०१० च्या दिवाळीत भाऊजी न्यू जर्सीहून आले तेव्हा घेऊन आले होते. पावाच्या लादीएवढा काळा डबा, एक इवलासा रंगीत पडदा, एक मोठी गोल खुंटी आणि एक ते सहा आकड्यांची सहा बटणं. वाय-फायवरून इंटरनेटवरची स्टेशनं वाजवणारा. आकाशवाणी ऐकायला इंटरनेट कशाला, असं मी तेव्हा मनातल्या मनात म्हटलं होतं. पण बाबांनी आठ दिवसांत तो आपलासा केला, आणि तो केवळ त्या बटणांमुळे. एकवर विविध भारती, दोनवर अस्मिता वाहिनी, तीनवर रागम, चारवर कुठल्याशा परदेशी हौशी माणसाचं चोवीस तास हिंदुस्तानी शास्त्रीय, पाचवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, सहा मोकळं. (रागम ही आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची वाहिनी, ती सुरू झाली २०१६ मध्ये. त्याआधी तीनवर काय होतं ते आता घरात कोणालाच आठवत नाही.)

बाबांना काचबिंदू आहे. पडदा त्यांना दिसत नाही आणि त्यांनी तो कधी पाहिलाही नाही. तीनच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवून ठेवलाय, तो बोटाला लागला की पुढचं सगळं त्यांना कळतं. त्यामुळे ‘रेडिओ बंद पडला’ याचा अर्थ आमच्या घरात ‘एक वस्तू बिघडली’ एवढाच होत नाही.

मी हिशेबाचं काम करते. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध फ्यूज बदलण्यापुरता. म्हणून सगळे करतात तेच केलं: राउटर बंद-चालू, रेडिओ बंद-चालू, इंटरनेटवाल्या मुलाला फोन. त्याने येऊन मोबाइलवर वेग दाखवला, ‘काकू, नेट एकदम ओके आहे’ म्हणाला आणि चहा पिऊन गेला. नेट ओके होतंच. डब्यालाही काही झालं नव्हतं. दोन संध्याकाळी वाचण्यात घालवल्यावर कळलं की डबा ज्याच्याशी बोलत होता तोच आता पलीकडे नव्हता.

शॉन अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने २००० साली कॅलिफोर्नियात स्लिम डिव्हायसेस ही कंपनी काढली. संगणकावरची गाणी घराच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या स्टिरिओवर वाजवणारे डबे ती बनवायची. २००६ मध्ये लॉजिटेकने ती २ कोटी डॉलरना विकत घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बनवणं थांबवलं. उत्पादन थांबलं तरी या डब्यांची मायस्क्वीझबॉक्स ही ऑनलाइन सेवा पुढे बाराएक वर्षं चालू होती, आणि २०२४ च्या सुरुवातीला आगाऊ सूचना देऊन ती बंद झाली. ती सूचना आम्ही वाचली नाही. खातं भाऊजींच्या एका जुन्या ईमेलवर, आणि तो ईमेल ते कधीच विसरलेले. तेव्हा रागवायचं तर कोणावर? बारा वर्षं फुकट चाललं, हेच मला विशेष वाटलं.

या सगळ्यात मला एक गोष्ट नव्याने समजली आणि पुढचं सारं तिच्यावरच उभं राहिलं. हा डबा स्वतः फार थोडं जाणतो. एक नंबरचं बटण दाबलं की तो लांबच्या सर्व्हरला विचारतो, ‘एक दाबलंय, काय करू?’ सर्व्हर सांगतो, ‘विविध भारती, हा घे पत्ता.’ म्हणजे बाबांच्या बोटाला पाठ असलेल्या सहा बटणांचे अर्थ त्यांच्या खोलीत कधी नव्हतेच, ते अमेरिकेत कुठेतरी ठेवलेले होते. तिथलं दुकान बंद झालं आणि बटणं नुसती बटणं उरली.

हे समजेपर्यंत माझे दुसरे पर्याय आणून झाले होते. कपाटावरचा ट्रान्झिस्टर खाली काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीत तो झकास वाजतो, पण बाबांची खोली आतल्या चौकाकडे आहे, तिथे नुसती खरखर. रागम आणि बीबीसी त्यावर लागत नाहीत ते वेगळंच. मग लेकाने आपला बोलका स्पीकर आजोबांच्या उशाशी ठेवला. त्याला नावाने हाक मारावी लागते. बाबा आयुष्यभर शाळामास्तर. अनोळखी बाईला एकेरी हाक मारणं त्यांना जमेना. ‘अहो, जरा विविध भारती लावता का?’ असं ते दोन-तीनदा अजिजीने म्हणाले. बाई ढिम्म. चौथ्या दिवशी बाबांनी त्याच्यावर टॉवेल वाळत घातला. ब्लूटूथ स्पीकर आणि जुना फोन ही जोडीसुद्धा करून पाहिली. त्यात एका दुपारी आत्याबाईंचा फोन आला आणि बंदिशीच्या मध्यात खणखणीत आवाजात ‘कवळी बसवली का रे नवी?’ असं सबंध मजल्याला ऐकू गेलं. ती जोडी त्याच दिवशी मोडली.

तोच डबा पुन्हा चालू करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि ते शक्य आहे हे कळल्यावर मी खुर्चीतून उठलेच. तो सर्व्हर म्हणजे मुळात एक प्रोग्रॅम, पर्ल भाषेत लिहिलेला आणि पहिल्यापासून मुक्तस्रोत. कोणीही घ्यावा, आपल्या संगणकावर बसवावा. स्लिमसर्व्हर, स्क्वीझसेंटर, स्क्वीझबॉक्स सर्व्हर, लॉजिटेक मीडिया सर्व्हर आणि २०२४ पासून लिरियन म्युझिक सर्व्हर अशी त्याची नावं बदलत गेली. शेवटच्या दोन्ही नावांची आद्याक्षरं एलएमएसच. सासर बदललं तरी रुमालावर भरलेली अक्षरं तीच राहावीत तसं. कंपनीने डबे करणं सोडलं तरी जगभरचे स्वयंसेवक हा प्रोग्रॅम सांभाळत होते, आहेत. लांबचा सर्व्हर गेला, तर घरात आपला बसवायचा.

एका शनिवारी लेकाच्या लॅपटॉपवर एलएमएस उतरवून घेतला. बसवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ब्राउझरमध्ये ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (म्हणजे संगणकाच्या त्या आकड्याच्या दारावर) त्याचं पान उघडलं, लॅपटॉपवरची गाणी त्याने मोजून दाखवली. आता रेडिओने त्याला शोधायचं होतं. खुंटी फिरवत ‘माय म्युझिक’, मग ‘स्विच लायब्ररी’. यादी रिकामी. लॅपटॉपची फायरवॉल, म्हणजे सुरक्षेची भिंत, उघडली, तरी रिकामी. रविवारी दुपारपर्यंत यादी रिकामीच होती आणि आमच्या घरी रविवारची मिसळ झाली नाही.

कारण निघालं फारच घरगुती. वर्षभरापूर्वी फायबर आलं तेव्हा नवा राउटर आला. त्यावर डब्ल्यूपीए-३ नावाचं नवं कुलूप. बाबांचा रेडिओ २००९ च्या घडणीचा, त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं जुनं वाय-फाय कळतं आणि डब्ल्यूपीए-२ पर्यंतचीच कुलपं उघडतात. म्हणून इंटरनेटवाल्या मुलाने तेव्हा युक्ती केली: गेस्ट नेटवर्क चालू करून रेडिओ त्याच्यावर टाकला. काम झालं, सगळे खूश. पण गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणाला इंटरनेट मिळतं, घरातल्या दुसऱ्या उपकरणांशी मात्र बोलता येत नाही. पाहुण्याला बैठकीत चहा, माजघरात यायचं नाही. रेडिओ ३४८३ क्रमांकाच्या पोर्टवर घरभर हाका मारून सर्व्हर शोधतो. त्या हाका बैठकीच्या दारापाशीच थांबत होत्या.

राउटरच्या मुख्य नेटवर्कमध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं, त्याचं कुलूप डब्ल्यूपीए-२ केलं आणि रेडिओ त्यावर घेतला. पासवर्ड घालायचा तो खुंटी फिरवून, एकेक अक्षर. एबीसीडी सगळी ओलांडायची, मग आकडे, मग चिन्हं. एक खाच जास्त फिरली की पुन्हा मागे. आमचा पासवर्ड बावीस अक्षरी होता, लेकाचा पराक्रम. तीनदा चुकल्यावर मी राउटरवर जाऊन पासवर्डच छोटा केला. हा शहाणपणा आधी सुचायला हवा होता. मग पुन्हा ‘स्विच लायब्ररी’, आणि यादीत लॅपटॉपचं नाव. खुंटी दाबली. बाबांच्या खोलीत, सेवा बंद झाल्यापासून पहिल्यांदा, त्या स्पीकरमधून तबला आला. बाबांनी कॅसेटवर उतरवून घेतलेली आणि पुढे लेकाने एमपी-३ करून ठेवलेली, ठाण्यातल्या राम मराठे महोत्सवातली कुठलीशी मैफल.

‘लागला!’ बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, ‘पण मी एक दाबलं नव्हतं.’

एक दाबल्यावर विविध भारती लागायला आणखी आठवडा गेला. आकाशवाणीचं प्रक्षेपण इंटरनेटवर एचएलएस नावाच्या पद्धतीने येतं. म्हणजे आवाजाचे काही-काही सेकंदांचे तुकडे आणि त्यांची सतत बदलती यादी. यादी वाचायची, पुढचा तुकडा आणायचा, वाजवायचा, पुन्हा यादी. जुना डबा एका नळातून सलग येणारा आवाज जाणतो, हे तुकड्यांचं गणित त्याला येत नाही. शिवाय हल्ली बरीच स्टेशनं एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवर गेली, तेही त्याच्या आवाक्याबाहेर. इथे घरचा सर्व्हर कामाला येतो. त्याच्यात प्लेएचएलएस नावाचा प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, टाकला. आता सर्व्हर तुकडे गोळा करतो, जोडतो आणि डब्याला त्याच्या ओळखीच्या रूपात पुढे देतो. आजारी माणसाला मऊ भात कालवून भरवावा तसं. स्टेशनांचे पत्ते इंटरनेटवर लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत रेडिओ-सूच्यांतून मिळाले. त्यात मेलेले पत्तेही पुष्कळ. अस्मितासाठी मला चार पत्ते चाखून बघावे लागले.

मग बटणांचे अर्थ परत भरणं. ते सोपं आहे: स्टेशन लावायचं, हवं ते बटण दाबून धरायचं, झालं. एक ते पाच भरली. बाबा शेजारी उभे राहून बोट ठेवून तपासत होते, परीक्षा घेतल्यासारखे. तीन दाबल्यावर नेलपॉलिशचा थेंब, आणि रागम. ‘पास,’ ते म्हणाले.

पण लॅपटॉप लेकाचा. सोमवारी सकाळी तो पाठीवर टाकून कॉलेजला गेला आणि त्याच्याबरोबर विविध भारतीही गेली. सर्व्हर चोवीस तास घरात जागा हवा. लेकाच्या शाळेच्या प्रकल्पातला एक रास्पबेरी पाय माळ्यावर पडून होता, थ्री-बी-प्लस मॉडेलचा. पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. त्याच्यासाठी पायकोअरप्लेअर नावाची तयार प्रणाली मिळते. मेमरी कार्डवर लिहायची, कार्ड खोचायचं, राउटरला केबलने जोडायचं आणि बाकी सगळं ब्राउझरमधून. एलएमएस तिच्यातूनच बसवता येतो. फक्त त्याआधी कार्डावरची जागा वाढवून घ्यायची असते. मी ती पायरी गाळली, ‘जागा नाही’ असं आलं, आणि ३२ जीबीच्या कार्डात जागा कशी नाही म्हणून मी अर्धा तास भांडत बसले.

ही प्रणाली मी निवडली ती एका कारणासाठी. ती सुरू होताना सगळीच्या सगळी रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, चढते आणि कार्डाला एरवी फारसा हात लावत नाही. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी कार्ड खराब होण्याची भीती फार कमी. पावसाळ्यातलं ठाणं ज्याने पाहिलंय त्याला याचं मोल सांगायला नको. मोबाइलच्या चार्जरवर मात्र पाय चालवू नये. मी चालवला, दर थोड्या वेळाने गाणं अडखळायचं. पाच व्होल्ट, अडीच अँपिअरचा नीट अ‍ॅडॉप्टर लावल्यावर थांबलं. विजेचा खर्च? चार वॉट धरले तर महिन्याला तीन युनिटही होत नाहीत. हा हिशेब मी बाबांना करून दाखवला, कारण ‘हे रात्रभर कशाला चालू?’ असा प्रश्न ते रोज विचारत होते. अजूनही विचारतात.

इथे गोष्ट संपली असती. पण जूनमध्ये उंदराने रेडिओच्या अ‍ॅडॉप्टरची वायर कुरतडली. गावदेवीजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांनी वीस मिनिटांत नवी वायर डकवून दिली, पण ती वीस मिनिटं मी दुकानाच्या पायरीवर बसून एकच विचार करत होते: उद्या डबाच गेला तर? हा आता कोणी बनवत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात एखादा दिसतो, तो समुद्रापलीकडे. सर्व्हर आपला, बटणांचे अर्थ आपल्या घरात, पण बटणं? ती तर त्या डब्याचीच.

मग दुसरा डबा करायचा ठरवला. पायकोअरप्लेअर नुसता सर्व्हर नाही, तो स्वतः वाजवतोही. स्क्वीझलाइट नावाचा प्रोग्रॅम त्यात असतो आणि एलएमएसला तो आणखी एक स्क्वीझबॉक्सच वाटतो. म्हणजे एक नवा छोटा पाय, त्याला आवाजाची एक पट्टी, एक स्पीकर आणि सहा बटणं.

सुटी टाकून लॅमिंग्टन रोडला गेले. ठाण्याहून फास्टने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोड. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून तिथे कोणाला पत्ता विचारू नये. पाय झीरो टू डब्ल्यू घेतला. आवाजासाठी पीसीएम ५१०२ चिपची जांभळी पट्टी घेतली, नखाएवढ्या अक्षरांची. दुकानातल्या मुलाने ती उलटी करून दाखवली. मागे तांब्याचे चार जोड-ठिपके असतात. ‘मॅडम, हे कोरे राहिले तर आवाज येणार नाही. मग तुम्ही परत याल आणि मला बोलाल.’ आणि त्याने तिथेच डाग दिला: तीन ठिपके एका बाजूला, तिसऱ्या क्रमांकाचा उलट बाजूला, कारण तो आवाजावरचा पडदा उघडणारा. एससीके लिहिलेली टोकं जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडली. या दोन डागांनी माझा किती वेळ वाचवला हे मला नंतर, लोकांची रडगाणी वाचताना कळलं. पायकोअरप्लेअरमध्ये या पट्टीसाठी वेगळं नाव सापडत नाही. हायफायबेरी डॅक या दुसऱ्या पट्टीचं नाव निवडायचं, चालतं.

डबा म्हणून बाबांची कॅसेट ठेवायची जुनी लाकडी पेटी घेतली. गल्लीतल्या सुतारदादांनी झाकणाला सहा भोकं पाडून दिली. (स्टीलचा डबा घेऊ नका. दिसायला छान, पण वाय-फाय आत गुदमरतं.) प्रत्येक बटणाला दोन वायरी: एक पायच्या आपापल्या पिनला, दुसऱ्या सगळ्या एकत्र ग्राउंडला. बटण दाबलं की एक ओळीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, चालते, ती सर्व्हरच्या ९०९० पोर्टवर सांगते की या वाजवणाऱ्यावर आवडीच्या यादीतलं पहिलं लाव, किंवा दुसरं, किंवा तिसरं. लेकाने पहिली लिहून दिली, पुढच्या पाच मी उतरवल्या. हिशेबाच्या वहीत आकडा बदलतो तेवढाच फरक.

रविवारी पेटी बाबांसमोर ठेवली. त्यांनी सहाही बटणांवरून हात फिरवला, तीनवरचा थेंब चाचपला (तो मी विसरले नव्हते), आणि एक दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. मी बघतेय तर स्टेशन लागायच्या बेतात असतं आणि बाबा परत दाबतात, की सर्व्हर बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू.

‘बाबा, एकदाच दाबा, जरा वेळ लागतो.’

‘पण दाबलं गेलं हे मला कळणार कसं? टक् कुठाय?’

मी घेतलेली बटणं मऊ होती, आवाज न करणारी. दुकानात मला तीच भारी वाटली होती. पुढच्या शनिवारी पुन्हा फास्ट, पुन्हा पूल, पुन्हा स्लो. ‘टक् करणारी द्या,’ म्हटल्यावर त्या मुलाने व्हिडिओ गेमच्या यंत्रांना लावतात तशी, आत मायक्रोस्विच असलेली मोठी बटणं काढून दिली. मी काउंटरवर सहाही वाजवून बघितली. मागच्या गिऱ्हाइकाने विचारलं, ‘मुलाला खेळणं?’ मी म्हटलं, ‘सासऱ्यांना रेडिओ.’

नवी बटणं लावली, बाबा खूश, मी खूश. मग एका शुक्रवारी देखभालीसाठी दिवसभर वीज गेली. संध्याकाळी आली तेव्हा बाबांचा स्क्वीझबॉक्स निमूट चालू झाला, पेटीची बटणं मात्र मुकी. सहाही स्क्रिप्ट गायब. वर मोठ्या कौतुकाने सांगितलं ना, की सगळं रॅममध्ये चढतं? त्याची दुसरी बाजू ही. ब्राउझरमधून केलेल्या सेटिंग्ज पायकोअरप्लेअर जपून ठेवतो, पण हाताने लिहिलेल्या फायली ‘पीसीपी बीयू’ ही आज्ञा देऊन कार्डावर उतरवाव्या लागतात, नाहीतर विजेबरोबर त्या पुसल्या जातात. कागदावर उतरवलेल्या होत्या म्हणून वाचले. आता त्या आज्ञेची चिठ्ठी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

हे सगळं चालू असताना हॉलमधल्या स्टिरिओला फोनवरची गाणी वाजवणारा एक गोल डोंगल लावलेला होता, एका मोठ्या कंपनीचा, तोही उत्पादन बंद झालेला. उत्तम चालायचा, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. २०२५ च्या मार्चमध्ये एके दिवशी तो नाही म्हणाला. आतल्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि तो पुन्हा चालू झाला, पण ते दिवस मी नुसती बघत बसले. तिथे माझ्या हातात काहीच नव्हतं. त्याची सगळी अक्कल आणि सगळी परवानगी पलीकडे. बाबांच्या डब्याचं तसं नाही. डबा मुका होता म्हणूनच त्याची वाचा घरी आणता आली. नवं काही घेणाऱ्याला मी आता एवढंच विचारते की याला घरचा सर्व्हर चालतो का. घोडबंदर रोडला नव्या घरी गेलेल्या माझ्या मैत्रिणीने विम (WiiM) या नावाचं, इंटरनेटवरची गाणी वाजवणारं यंत्र घेतलं; ते फोनवरून चालतं, आणि एलएमएसलाही स्क्वीझबॉक्ससारखं जोडलं जातं. तिला बटणं नकोत, तिच्या घरी कोणाला काचबिंदू नाही, तेव्हा तिला तेच बरोबर. मी हॉलमध्ये आणखी एक रास्पबेरी पाय लावला. आता सणासुदीला बाबांची खोली आणि हॉल एलएमएसमधून जोडून टाकते, दोन्हीकडे एकच सनई, एका ठेक्यात.

एक तक्रार शिल्लक आहे. बाबांच्या खोलीत किल्लीचं घड्याळ आहे आणि ते पन्नासएक वर्षं रेडिओच्या बातम्यांवर लावलं जातं. हल्ली बाबा म्हणू लागले की घड्याळ मागे पडतंय. खालच्या मजल्यावरच्या काकांचा ट्रान्झिस्टर बातम्या सुरू करतो तेव्हा यांच्या घड्याळात अजून वेळ असतो. घड्याळजींकडे दोनदा नेऊन आणलं, त्यांनी तेल घातलं, पैसे घेतले, घड्याळ ठणठणीत आहे म्हणाले. आहेच. तुकडे गोळा करायचे, जोडायचे, मग पुढे द्यायचे, याला वेळ लागतो. मी फोनवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं: आमच्याकडे बातम्या अडतीस सेकंद उशिरा येतात.

बाबांना बसवून समजावलं. तुकडे, यादी, सर्व्हर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे घड्याळ बरोबर आहे.’

‘हो, बाबा.’

‘आणि रेडिओ उशिरा.’

‘अडतीस सेकंद.’

‘मग सहावं बटण मोकळंच आहे ना,’ ते म्हणाले. ‘त्याच्यावर वेळेवर येणारा लाव.’